डावखुऱ्यांनी गोव्यात बसून गिटार, बास आणि पिक कसं शोधायचं

माझा भाचा नववीत गेला आणि गिटार पाहिजे म्हणून मागेच लागला. तो डावरा. जेवतो उजव्या हाताने कारण आजीने लहानपणी तेवढी सवय लावली, पण लिहिणं, बॉल टाकणं, ब्रश करणं सगळं डाव्याने. त्याला घेऊन आधी म्हापशाला गेलो, मग पणजीला. दुकानात भिंतीवर तीसेक गिटारी टांगलेल्या आणि सगळ्याच्या सगळ्या एकाच बाजूच्या, उजव्या हाताने तारा छेडणाऱ्यांसाठीच्या. काउंटरवरचा मुलगा बोलायला चांगला होता, म्हणाला, "काय नाय दादा, हीच घ्या, तारा उलट्या लावून देतो, पाच मिनिटांचं काम." भाच्याचे डोळे चमकले. मी त्याला म्हटलं, चल, आज नाही घ्यायची. बाहेर आल्यावर तो रडवेला झालेला, "मामा, पण देत होते ना ते."

देत होते, खरंय. पण मीही डावखुरा आहे आणि पंधरा वर्षांपूर्वी मी अशाच एका दुकानात हो म्हटलेलं. दीड वर्ष मी बेसूर वाजवत होतो आणि मला वाटायचं माझा कानच खराब आहे. ते इतकं मनाला लागलेलं की वाद्य सोडायच्या बेतात होतो. म्हणून हे लिहितोय, जो कोणी डावखुरा आत्ता सुरुवात करतोय किंवा ज्याच्या घरी असा मुलगा-मुलगी आहे त्याच्यासाठी, आणि मुद्दा एवढाच की डावी गिटार भिंतीवर दिसत नाही म्हणून ती मिळत नाही असं नाही, ती मागवावी लागते, थांबावं लागतं, आणि थांबणं परवडतं.

आधी हात ठरवा, दुकान नंतर

हे घाईत करू नका. लिहायचा हात आणि वाजवायचा हात एकच असतो असं नाही. मार्क नॉफ्लर हा नावाजलेला गिटारवाला डावखुरा आहे पण गिटार उजवीच वाजवतो, गॅरी मूरही तसाच होता. त्यामुळे कोणी सांगितलं की उजवीच शिक, सोपं पडेल, तर ते अगदीच खोटं नाही, काही जणांना खरंच सोपं पडतं. उजवीचे फायदेही आहेत, कुठल्याही दुकानात गिटार मिळते, कुठेही गेलात तर कोणाचीही घेऊन वाजवता येते. पण हे तुमच्या हाताने ठरवायचं, दुकानातल्या स्टॉकने नाही.

कसं बघायचं? गिटार उधार आणा आणि काहीही न शिकता, कॉर्ड (बोटांनी एकदम अनेक तारा दाबून धरायचे सूर) वगैरे न धरता, फक्त ताल द्या. आठवडाभर रोज दहा मिनिटं उजवीकडून आणि दहा मिनिटं डावीकडून. रेडिओवर गाणं लावा आणि त्याच्याबरोबर वरखाली हात मारा. ज्या हातात ताल आपोआप बसतो, म्हणजे तुम्ही बोलत असताना पण हात चुकत नाही, तो तुमचा तारा छेडायचा हात. आपल्याकडे अजून एक छान कसोटी आहे, घुमट, आपलं मातीचं वाद्य. चवथीला आरतीला बसल्यावर घुमट हातात आलं की तुम्ही चामड्यावर कुठल्या हाताने मारता आणि मागचं तोंड कुठल्या हाताने उघडझाक करता ते बघा. तिथे कोणी शिकवलेलं नसतं, सगळं आपोआप होतं, आणि तेच खरं उत्तर. भाचा डाव्याने मारतो. माझंही तसंच. मग आमचा प्रश्न तिथेच सुटला.

एक विनंती आईवडिलांना. मुलाने गिटार उलटी धरली की लगेच "अरे अशी धर" म्हणून हातातून घेऊन फिरवू नका. त्याने दोन्हीकडून धरून बघू दे.

तारा उलट्या लावल्या तर बिघडतं काय

इथे मी थोडा वेळ घेणार कारण इथेच सगळे फसतात.

ॲकॉस्टिक गिटारचा तारांचा साधा सेट घ्या, १२-५३ चा. पहिली तार ०.०१२ इंच, सहावी ०.०५३ इंच, म्हणजे मिलिमीटरमधे ०.३ आणि १.३, चौपटीपेक्षा जास्त फरक. मानेच्या वरच्या टोकाला जो पांढरा तुकडा असतो, नट, त्यात प्रत्येक तारेच्या मापाची खाच घासलेली असते. तारा उलट्या लावल्या की जाड तार बारीक खाचेवर नुसती वर बसते, आत जातच नाही, आणि बारीक तार मोठ्या खाचेत सैल हलते आणि झणझण करते. दुकानदार मग काय करतो, जाड तारेसाठी खाच कानशीने मोठी करून देतो. ते बरोबर आहे. पण बारीक तारेची खाच आधीच मोठी झालेली, ती लहान कशी करणार? तिथे नवीन नटच पाहिजे.

बरं, नट नवीन टाकला असं धरा. आता खालची बाजू बघा, ब्रिजवर, म्हणजे तारा खाली जिथे अडकतात त्या तुकड्यावर, जो पांढरा पट्टा असतो, सॅडल. तो नीट बघितलात तर तिरका दिसेल. जाड तारेकडचं टोक बारीक तारेकडच्या टोकापेक्षा साधारण २-३ मिलिमीटर मागे असतं. जाड तारेला सुरात राहायला थोडी जास्त लांबी लागते म्हणून तसं. तारा उलट्या लावल्या की बरोबर विरुद्ध होतं, जिला लांबी पाहिजे तिची कमी होते आणि जिला नको तिची वाढते. मोकळ्या तारा ट्यून केल्यावर सगळं ठीक वाटतं, आणि पाचव्या-सातव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) गेलात की जाड तार चढी लागते, बारीक तार उतरी. माझं दीड वर्ष यातच गेलं.

स्वतः तपासायचं असेल तर असं करा, हे कुठल्याही गिटारीवर चालतं, घ्यायच्या आधी दुकानातच करा. क्लिपवाला ट्यूनर लावा. सहावी तार १२ व्या फ्रेटच्या बरोबर वर, म्हणजे दोन फ्रेटच्या मधे नाही तर धातूच्या पट्टीच्या बरोबर वरती, बोटाने नुसती टेकवा, दाबू नका, आणि छेडून लगेच बोट उचला. घंटेसारखा आवाज येतो. ट्यूनर काय दाखवतो ते बघा. मग तीच तार १२ व्या फ्रेटला नेहमीसारखी दाबून वाजवा. दोन्ही वेळा काटा एकाच जागी पाहिजे. दाबल्यावर काटा उजवीकडे सरकला तर तार चढी, डावीकडे गेला तर उतरी. केसभर फरक चालतो, स्वस्त गिटारीत असतोच. माझ्या त्या गिटारीवर काटा इतका सरकायचा की मला वाटलं ट्यूनरची बॅटरी गेली.

शिवाय स्टीलच्या तारांच्या गिटारीत पुढच्या फळीच्या आतून ज्या लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात त्याही दोन्ही बाजूंना सारख्या नसतात. आणि मानेच्या कडेला जे छोटे ठिपके असतात, ३, ५, ७, ९, १२ दाखवायला, ते उलट्या धरलेल्या गिटारीत जमिनीकडे तोंड करून बसतात, वाजवताना दिसतच नाहीत. कटअवे, म्हणजे वरच्या फ्रेटवर हात जावा म्हणून मानेजवळ अंगाला कापलेला भाग, असेल तर तो वर येतो, म्हणजे ज्यासाठी तो कापलाय त्याचा उपयोगच नाही.

म्हणून सॅडलची जागा नवीन कापून घेतल्याशिवाय स्टीलच्या तारांची ॲकॉस्टिक उलटवू नका. आणि ते काम इतकं खर्चाचं होतं की तेवढ्यात डावी गिटार जवळजवळ आलीच.

नायलॉनच्या तारांची क्लासिकल मात्र वेगळी गोष्ट. तिचं सॅडल बहुतेक वेळा सरळ असतं, तारांच्या जाडीत फरकही कमी, पहिली साधारण ०.७ मिलिमीटर आणि सहावी १.१. बाहेरून अंगही दोन्हीकडे सारखं. नवीन नट करून घेतला की बऱ्यापैकी सुरात वाजते. लहान मुलांसाठी छोट्या मापाची डावी गिटार मिळणं खरंच कठीण आहे, तर आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी छोटी क्लासिकल घेऊन नट बदलणं हा मी स्वतः सुचवेन असा एकमेव उलटवायचा प्रकार.

इलेक्ट्रिकचं मधलं. जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून, तारा परत डाव्या क्रमाने लावून वाजवायचा, हे सगळ्यांनाच माहीत आणि दुकानदार पण हेच नाव पुढे करतात. त्यात तथ्य आहे कारण स्ट्रॅटमधे प्रत्येक तारेचं सॅडल वेगळं, स्क्रूने मागेपुढे होतं, त्यामुळे सूर जुळवता येतो. पण नट बदलावा लागतो, पट्ट्याचं बटण दुसऱ्या शिंगावर, म्हणजे मानेजवळच्या अंगाच्या दुसऱ्या टोकावर, हलवावं लागतं, व्हॉल्यूमचे नॉब कोपराखाली येतात आणि वाजवता वाजवता आवाज बंद होतो. ब्रिजजवळचं पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा चुंबकी तुकडा, तिरकं असतं तेही उलटं होतं, आवाज थोडा बदलतो. ज्याचा हात बसलाय त्याला हे सगळं जमतं, नवीन माणसाने यात पडू नये असं माझं मत. लेस पॉलसारखी एकाच बाजूला कापलेली असेल तर उलटवायचा विचारही करू नका, वरच्या फ्रेटवर हातच जात नाही.

अल्बर्ट किंग तर तारा न बदलता नुसती उलटी धरायचा, बारीक तार वर आणि जाड खाली, आणि तारा वर ढकलायच्या ऐवजी खाली खेचून ब्लूज वाजवायचा. एलिझाबेथ कॉटन पण तशीच, बोटांनी खर्जाचे सूर आणि अंगठ्याने मुख्य चाल. दोघांचं वाजवणं ऐकण्यासारखं आहे, जरूर ऐका. पण शिकवणारा मिळणार नाही.

बास घेणाऱ्यांसाठी

बास, म्हणजे जाड तारांची खर्जाची गिटार, उलटवताना सुरापेक्षा तोलाचा त्रास जास्त. नेहमीच्या बासची तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे मान लांब आणि जड, आणि तिला सांभाळायला वरचं शिंग लांब ठेवलेलं असतं, पट्टा त्याच्या टोकाला. उलटी केलीत की पट्टा आखूड शिंगावर येतो आणि मान सारखी खाली पडायला बघते, मग डाव्या हाताने वाजवायचं आणि उजव्या हाताने मान पण उचलून धरायची. तासभर उभं राहून वाजवलं की खांदा भरून येतो. प्रिसिजन टाइपच्या बासमधे पिकअप दोन तुकड्यांत असतं, जाड तारांचा तुकडा मानेकडे आणि बारीक तारांचा ब्रिजकडे, उलटं केल्यावर जाड तारा ब्रिजकडच्या तुकड्यावर येतात आणि आवाज थोडा आवळलेला लागतो. काहींना तो आवडतो सुद्धा.

बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गला हॉफनरची व्हायोलिनच्या आकाराची बास घेतली त्यामागे हेच एक कारण होतं, ती दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने डावीकडून धरली तरी विचित्र दिसत नाही. ती ३० इंची, हलकी. हॉफनरच्याच स्वस्त इग्निशन मालिकेत डावी मिळते. ज्याचे हात लहान आहेत त्याने ३० इंची बास जरूर बघावी.

आता शोधायचं कसं

पहिलं म्हणजे दुकानात जाऊन "लेफ्टी आहे का" असं विचारू नका. उत्तर "नाही" असंच येणार आणि तुम्ही परत. मॉडेलचं नाव घेऊन विचारा. कंपन्या डाव्या मॉडेलच्या शेवटी एल किंवा एलएच लावतात. यामाहाची एफजी ८२० एल ही ॲकॉस्टिक, पॅसिफिका ११२ जेएल ही इलेक्ट्रिक, आयबानेझची जीआरजी १७० डीएक्स एल, बासमधे आयबानेझ जीएसआर २०० एल, कोर्टची एडी ८१० एलएच, स्क्वायरची डावी स्ट्रॅट. ही सगळी शिकणाऱ्यांसाठीच्या दर्जाची आहेत आणि चांगली आहेत. कागदावर लिहून न्या, काउंटरवरच्या माणसाने कंप्युटरवर ते नाव टाकलं की दुसऱ्या शाखेत, डिस्ट्रिब्युटरकडे कुठे आहे ते त्याला दिसतं. फुर्तादोस ही १८६५ सालची वाद्यांची कंपनी, गोव्यात त्यांची शाखा आहे आणि मुंबईत धोबी तलावला जेर महालात दुकान, तर अशा ठिकाणी गोव्याच्या काउंटरवरून मुंबईचा स्टॉक विचारता येतो. विचारायला लाजू नका.

ॲडव्हान्स द्यायच्या आधी तीन गोष्टी बिलावर लिहून घ्या. मॉडेलचं पूर्ण नाव, शेवटच्या एल सकट. किती दिवसांत येणार. आणि आल्यावर बघून पसंत नसेल तर पैसे परत की नाही. हे तिसरं फार महत्त्वाचं. मला एकदा महिनाभर थांबवून शेवटी उजवी गिटारच आणून दिली होती आणि वर म्हणाले तारा बदलून देतो, बिलावर एल लिहिलेलं नव्हतं म्हणून मला काही बोलताच येईना.

रंगाचा हट्ट सोडा. उजवीला सहा रंग असतात, डावीला काळा आणि फार तर सनबर्स्ट. भाच्याला निळी पाहिजे होती. त्याला मी समजावलं की काळी आता वाजेल, निळी कधी येईल कोणास ठाऊक.

ऑनलाइन घेणार असाल, बजाओ किंवा ॲमेझॉन, तर फोटो नीट बघायला शिका. गिटार उभी, तोंड तुमच्याकडे असं धरलं तर डाव्या गिटारीत जाड तार तुमच्या उजव्या हाताला दिसते आणि पिकगार्ड, म्हणजे भोकाजवळचा काळा पट्टा, डाव्या हाताला. उजव्या गिटारीत याच्या उलट. काही विक्रेते उजव्या गिटारीचाच फोटो आरशासारखा फिरवून टाकतात, ते ओळखायला वरच्या टोकावर कंपनीचं नाव वाचा, अक्षरं उलटी दिसली तर फोटो फिरवलेला आहे. आणि "डाव्या-उजव्या दोघांसाठी" असं लिहिलेलं दिसलं की पुढे जा. एकदा तिरकं बसवलेलं सॅडल दोन्हीकडे एकाच वेळी तिरकं असू शकत नाही. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, परत पाठवायची वेळ आली तर कामाला येतो.

सेकंडहँड हा गोव्याचा खरा फायदा आहे. सीझन संपत आला की, मार्च-एप्रिलमधे, हरमल, मांद्रे, हणजूण या पट्ट्यात महिनोन् महिने राहिलेले परदेशी लोक परत जायला निघतात आणि सामान विकतात, त्यात गिटारी असतात. कॅफेच्या बोर्डावर कागद चिकटवलेले असतात, ते वाचत जा, आणि तुमचाही एक लावा की डावी गिटार पाहिजे. माझी आत्ताची गिटार मला हरमलला अशीच मिळाली, एक बाई चार महिने राहून चाललेली, ती पण डावखुरी. आम्ही दोघं पायरीवर बसून एकमेकांच्या हाताकडे बघत होतो, कारण दोघांनाही समोर दुसरा डावखुरा वाजवणारा फार वेळा दिसलेला नव्हता. जुन्या डाव्या गिटारीला गिऱ्हाईक कमी असतं त्यामुळे भाव खाली येतो, हे लक्षात ठेवून पण माणुसकीने बोला. तपासायचं काय तर १२ व्या फ्रेटची ती परीक्षा, मान एका डोळ्याने बंदुकीसारखी धरून सरळ आहे का, ब्रिजच्या मागे फळी फुगलीय का आणि ब्रिज उचकटतोय का, प्रत्येक फ्रेटवर तार झणझणते का. आणि ती जन्मतः डावी आहे की कोणीतरी उलटवलेली, ते ठिपक्यांवरून आणि सॅडलच्या तिरकेपणावरून लगेच कळतं. इलेक्ट्रिक असेल तर नॉब फिरवून बघा, काही डाव्यांत ते उलटे फिरतात आणि काहींत शेवटच्या टोकालाच सगळा आवाज एकदम येतो, ते नॉबखालचा भाग (पॉट) बदलून ठीक होतं, त्यासाठी चांगली गिटार सोडू नका.

तिसरा रस्ता आपली माणसं. मुंबईला कोणी जाणारं असेल तर कोकणकन्या किंवा मांडवीने गिटार आणता येते, वरच्या बर्थवर आडवी ठेवायची, बर्थखाली नाही, आणि जाड गादीची बॅग पाहिजे. घरातलं किंवा शेजारचं कोणी तारवटी असेल, बोटीवर काम करणारं, किंवा गल्फ, लंडन, लिस्बनला असेल तर तिकडे डावी गिटार शोधणं सोपं पडतं. पण बिल जपून आणायला सांगा, कस्टमला दाखवावं लागतं, आणि ड्यूटी लागू शकते ते पैशात धरूनच हिशोब करा. विमानातून येताना तारा थोड्या सैल करायच्या.

पिक

इथे चांगली बातमी. तारा छेडायचं नेहमीचं तिकोनी पिक डावं-उजवं नसतं, सारखंच चालतं. डनलॉपच्या टॉर्टेक्समधे रंगावरून जाडी कळते, नारिंगी ०.६०, पिवळं ०.७३, हिरवं ०.८८, निळं १.० मिलिमीटर. सुरुवातीला पिवळं घ्या, स्ट्रमिंगला, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडताना, हात अडकत नाही. एकेक तार छेडायला लागलात की हिरवं. बास पिकने वाजवायची असेल तर निळं किंवा त्याहून जाड. सहा-सात घेऊन ठेवा, ती हरवतातच. दुसऱ्याचं झिजलेलं पिक मात्र घेऊ नका, उजव्या माणसाचं पिक एका बाजूला झिजतं आणि आपल्या हातात ती बाजू उलटी येऊन तारेवर खरखरतं.

डावं-उजवं असतं ते अंगठ्यात घालायचं पिक, थंब पिक. त्याची जीभ एकाच बाजूला निघते. उजवं थंब पिक डाव्या अंगठ्यात घातलं की जीभ तारांपासून लांब जाते. फ्रेड केली ही कंपनी डावी थंब पिक्स बनवते, मागवताना लेफ्ट असं लिहिलेलंच निवडा. बोटांना खोबण असलेली, हाताच्या आकाराची म्हणून जी पिक्स विकतात तीही बघून घ्या, बहुतेक उजव्या अंगठ्यासाठीच घडवलेली असतात. धातूची बोटात घालायची पिक्स दोन्हीकडे चालतात.

बाकी पट्टा, ट्यूनर, तारांचे सेट सगळं सारखंच. तारा डाव्यांसाठी वेगळ्या म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. कॅपो, म्हणजे मानेवर लावून सगळ्या तारा एकदम दाबायचं साधन, साधा चिमट्याचा असेल तर दुसऱ्या बाजूने लावता येतो, कायझर डाव्यांसाठी वेगळा पण बनवते.

शिकताना

टॅब, म्हणजे तारा आणि फ्रेटचे आकडे दाखवून लिहिलेलं गाणं, जशी आहे तशीच वाचा. त्यातल्या सहा रेघा म्हणजे तारा, हात नाही, त्यामुळे काही बदलायचं नसतं. कॉर्डच्या आकृत्या मात्र उजव्यांच्या असतात, त्या आरशातून बघितल्यासारख्या उलटवाव्या लागतात. फोनमधे स्क्रीनशॉट घेऊन एडिटमधे आडवा फ्लिप करा, झालं, बोटांचे आकडे उलटे दिसतील तेवढे सांभाळा. भाच्याला मी आठ कॉर्डची अशी एक पाटी करून कपाटाच्या दारावर चिकटवून दिलीय.

सर उजव्या हाताने वाजवणारे असतील, असणारच, तर त्यांच्या शेजारी बसू नका, समोर बसा. आरशात बघितल्यासारखं सरळ दिसतं. क्लासमधल्या बाकीच्या मुलांना सरांचा हात उलटा दिसतो, तुम्हाला सुलटा. आणि क्लास लावायच्या आधी सरांना सांगा की मी डावी वाजवणार, जे सर म्हणतील "इथे उजवीच चालते" त्यांच्याकडे जाऊ नका.

पावसाळा

ही सगळ्यांचीच गोष्ट, पण आपल्याला जास्त जपायला पाहिजे कारण आपली गिटार बिघडली तर दुसरी उद्या मिळत नाही. जून ते सप्टेंबर गोव्यात हवेत पाणीच असतं, लाकूड ते पितं, पुढची फळी फुगते, तारा उंच होतात आणि दाबायला जड जातं. गिटार बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ओल तिथूनच येते. केसमधे सिलिका जेलच्या पिशव्या टाका, त्या ओल्या झाल्या की वाळवून परत वापरा. छोटा आर्द्रता मीटर मिळतो, आकडा ४५ ते ५५ च्या मधे राहिला तर उत्तम, इतका खाली आणणं पावसात जमत नाही, पण ७० च्या वर राहू देऊ नका. वाजवून झालं की तारा सुक्या फडक्याने पुसा, खालून पण. समुद्राजवळ राहत असाल तर कोटिंगवाल्या तारा घ्या, महाग पडतात पण गंज लवकर धरत नाही.

भाच्याची यामाहा अडीच आठवड्यांनी आली. त्याने बॅग उघडली, मांडीवर घेतली, आणि ठिपके त्याच्या डोळ्यासमोर होते. मला ते बघून भरून आलं, मी काही बोललो नाही.

शेवटचं एक शिकून ठेवा, हे मी उशिरा शिकलो. चवथीच्या रात्री, कोणाच्या लग्नात, किनाऱ्यावर मित्रांत, गिटार हातोहात फिरते आणि ती उजवीच असते. आपल्यापर्यंत आली की "मला नाही येत ही" म्हणून पुढे द्यावी लागते, ते फार बोचतं. म्हणून सहा महिन्यांनी, आपल्या गिटारीवर हात बसला की, एखादी उजवी गिटार तशीच उलटी धरून, तारा न बदलता, तीन-चार कॉर्ड बसवा. ई मायनरने सुरुवात करा, दोनच बोटं लागतात, पाचव्या आणि चौथ्या तारेवर दुसरा फ्रेट, फक्त त्या तारा आता तुमच्या खालच्या बाजूला आहेत. मग ए, मग डी. जी शेवटी, त्याला बोटं ताणावी लागतात.